अपडेटनंतर ब्राउझर बिघडला? फॉरमॅट मारायची घाई करू नका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला शेवटचे दोन दिवस उरले होते. मुळशीत पाऊस लागला की लाईटचं काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर ब्राउझर अपडेट होत होता आणि नेमकी लाईट गेली. तासाभरानं आली, ब्राउझर उघडलाही, पण एकही वेबसाईट लागेना. प्रत्येक ठिकाणी एकच पाटी: 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही.' नववीतल्या एका मुलीची अम्मी आधार कार्ड आणि पासबुक घेऊन बाकावर बसून होती. मदतीला आलेला माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "सर, फॉरमॅट मारा. अपडेटनं विंडोज खराब केलंय."

फॉरमॅट मारला असता तर पन्नासेक मुलांचे स्कॅन केलेले दाखले गेले असते. आणि दोष अपडेटचा नव्हताच. स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख बघितली, तर साल २०१२! मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपला की लाईट गेल्यावर कॉम्प्युटरचं घड्याळ मागे जातं. प्रत्येक सुरक्षित वेबसाईटच्या प्रमाणपत्रावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. २०१२ मध्ये जगणाऱ्या कॉम्प्युटरला आजचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं दिसत नाही, म्हणून तो दार लावून घेतो. तारीख आणि वेळ दुरुस्त केली, फॉर्म भरला गेला. सेल नंतर बदलला.

अपडेट आणि बिघाड एकाच वेळी आले, म्हणून आपण एकाचं खापर दुसऱ्यावर फोडलं. असं फार वेळा होतं. म्हणून आधी दोष नक्की कुठे आहे ते बघायचं, मग हात लावायचा.

सगळ्यात आधी तीच वेबसाईट मोबाईलच्या इंटरनेटवर उघडून बघा. तिथंही लागत नसेल तर ब्राउझर बिचारा निर्दोष आहे. मे २०२५ मध्ये अकरावीचे ऑनलाईन प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यासाठी एकत्र सुरू झाले, तेव्हा २१ मेला वेबसाईटच कोलमडली आणि नोंदणी २६ मेपासून पुन्हा सुरू करावी लागली. अशा दिवशी घरचा कॉम्प्युटर कितीही दुरुस्त करा, उपयोग शून्य.

मोबाईलवर लागते आणि कॉम्प्युटरवर नाही, असं असेल तर आधी कॉम्प्युटर बंद करून चालू करा. हसू नका. जुना ब्राउझर मागे अर्धवट चालू राहतो आणि नव्याला उठू देत नाही, हे नेहमीचं आहे. मग घड्याळ बघा. मग इन्कॉग्निटो खिडकी उघडून तीच वेबसाईट लावा. त्या खिडकीत एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय चालत नाहीत आणि जुन्या कुकीजही नसतात. तिथं वेबसाईट व्यवस्थित लागली तर चोर या दोघांपैकीच एक. एक्स्टेन्शन एकेक करून बंद करून बघा. कुकीज आणि कॅशे पुसायला कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबा. फक्त पासवर्डसमोर खूण असेल तर ती काढायला विसरू नका, नाहीतर साठवलेले पासवर्डही जातील.

ब्राउझर उघडतो पण खिडकी नुसती पांढरी किंवा काळी दिसते, तेव्हा बहुधा नव्या ब्राउझरचं आणि जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं जमत नसतं. सेटिंग्जमधल्या 'सिस्टीम' भागात ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करा. फायरफॉक्समध्ये याहून सोपी सोय आहे: शिफ्ट दाबून धरून तो उघडा, म्हणजे ट्रबलशूट मोडबद्दल विचारतो. त्यात एक्स्टेन्शन आणि ग्राफिक्स दोन्ही तात्पुरते बंद असतात.

एवढं करूनही जमलं नाही तर ब्राउझर काढून परत टाका, पण काढताना 'ब्राउझिंग डेटाही हटवायचा का' असा एक चौकोन येतो, तो रिकामाच ठेवा. बुकमार्क आणि पासवर्ड वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, नुसता ब्राउझर काढल्यानं ते जात नाहीत. या एका चौकोनावर चुकून टिक केलेली माणसं मी रडकुंडीला आलेली बघितली आहेत. नवा ब्राउझर कंपनीच्याच वेबसाईटवरून घ्या. 'तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे दाबा' असं मधेच उगवणाऱ्या पाटीवरून कधीच नाही.

विंडोज ७ किंवा ८ असेल तर गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेल्या क्रोम ११० ला किमान विंडोज १० लागतो, आणि फायरफॉक्सचं ११५ हे या जुन्या विंडोजसाठीचं शेवटचं व्हर्जन, जुलै २०२३ चं. तिथं कितीही परत टाका, नवं व्हर्जन बसणार नाही.

अपडेटच खरोखर दोषी असतो, असंही होतं. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइड फोनवर जीमेलसारखी ॲप्स उघडताच बंद पडू लागली. ॲपच्या आत वेबपेज दाखवणारा 'वेबव्ह्यू' नावाचा भाग असतो, त्याचं बिघडलेलं अपडेट प्ले स्टोअरमधून फोनाफोनांत पोहोचलं होतं. लॉकडाऊनच्या त्या दिवसांत आमच्या ओळखीच्या एका अब्बांनी घाबरून मुलाचा फोन रीसेट मारून घेतला. अभ्यासाचे फोटो गेले, गेलेल्या दादाजानचे आवाजातले मेसेजही गेले, बॅकअप नव्हता. इकडे गूगलनं दिवसाभरात दुरुस्त अपडेट दिलंही होतं. प्ले स्टोअरमध्ये जाऊन क्रोम आणि अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू एवढे दोन अपडेट केले की काम झालं असतं.

आता शाळेच्या कॉम्प्युटरवर मी दोन ब्राउझर ठेवतो. फॉर्मचे दिवस आले की आधीच्या आठवड्यात अपडेट उरकतो, दाखले पेनड्राईव्हवर घेतो आणि सकाळी आल्या आल्या कोपऱ्यातली तारीख बघतो.