उष्णतारोधक साच्यातील काँक्रीट भिंत : कारागिरीचे निकष आणि अनुज्ञेय विचलन (पिंपळगाव बसवंत परिसरातील शीतगृहांच्या संदर्भात)

1. प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत ही मुंबई-आग्रा महामार्गावरील बाजारपेठ द्राक्ष, कांदा आणि टोमॅटो या पिकांसाठी सर्वदूर परिचित आहे. निर्यातीसाठी द्राक्ष पिकविणारा येथील बागायतदार मालाची प्रत अंकांत मोजतो. मण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये, गोडी ब्रिक्स अंशांत आणि औषधांचा अवशेष किलोमागे मिलिग्रॅममध्ये सांगितला जातो. खाण्याच्या द्राक्षांसाठी 2007 साली स्वीकारलेल्या कोडेक्स मानकात सर्वोच्च वर्गासाठी वजनाच्या 5 टक्के, तर पहिल्या वर्गासाठी 10 टक्के माल त्या वर्गाच्या निकषांपेक्षा उणा असला तरी चालतो. म्हणजे उणीव किती चालेल, हेदेखील आधीच लिहून ठेवलेले असते.

हीच द्राक्षे ज्या भिंतींच्या आत थंड होतात, त्या भिंतींना मात्र असा अंकांचा निकष लावला जातो का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. बांधकामाच्या करारनाम्यात ‘काम उत्तम दर्जाचे असावे’ एवढेच शब्द असतील, तर वाद उद्भवल्यावर त्यांचा अर्थ दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने लावतात. उष्णतारोधक साच्यातील काँक्रीट या बांधकामपद्धतीच्या आधारे कारागिरीचे निकष आणि टॉलरन्स म्हणजेच अनुज्ञेय विचलन या संकल्पनांचे स्पष्टीकरण करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

2. पद्धतीचे स्वरूप

नेहमीच्या कामात लाकडी किंवा लोखंडी साचा उभारून काँक्रीट ओततात आणि ते घट्ट झाल्यावर साचा काढून घेतात. भिंतीतील पोकळ्या, फुगवटे अथवा उघड्या पडलेल्या सळया तेव्हा डोळ्यांना दिसतात. उष्णतारोधक साच्याच्या पद्धतीत, जिला संक्षेपाने आयसीएफ म्हणतात, साचा थर्माकोलच्या दोन तक्त्यांचा असतो. हे तक्ते प्लास्टिकच्या अथवा पोलादी बंधांनी परस्परांना जोडलेले असून त्यांच्यामधील पोकळीत सळया बांधून काँक्रीट ओतले जाते. साचा कायम जागेवर राहतो आणि तोच उष्णतारोधक थराचे काम करतो. कॅनडातील वेर्नर ग्रेगोरी यांनी 1966 मध्ये फोमच्या अशा साच्यासाठी पेटंटचा अर्ज केला. पुढे उत्तर अमेरिकेत थंड हवामानातील घरांसाठी ही पद्धत रूढ झाली.

महाराष्ट्रातील शीतगृहांत वीट वा काँक्रीटच्या भिंतीला आतून उष्णतारोधक थर लावणे, किंवा पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेले तयार पॅनेल उभारणे, या रीती अधिक प्रचलित आहेत. तथापि तिन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. ज्यावर भिंतीचे कार्य अवलंबून असते, तो भाग काम संपल्यावर झाकला जातो. आयसीएफमध्ये ही अडचण सर्वांत तीव्र स्वरूपात दिसते, कारण तेथे उष्णतारोधक थर आणि भार पेलणारे काँक्रीट यांपैकी एकाची तपासणी दुसऱ्याला धक्का लावल्याशिवाय करता येत नाही.

3. अनुज्ञेय विचलनाचा अर्थ

कोणतेही बांधकाम नकाशाबरहुकूम तंतोतंत होत नाही. म्हणून संहिता फरकाची मर्यादा ठरवून देते. आयएस 456 : 2000 या संहितेनुसार स्तंभ व तुळई यांच्या छेदाचे माप ठरलेल्या मापापेक्षा 12 मि.मी.ने अधिक असू शकते, परंतु 6 मि.मी.हून अधिक कमी असू शकत नाही. सळईवरील काँक्रीटचे आवरण 10 मि.मी.पर्यंत अधिक चालते, कमी मात्र मुळीच चालत नाही. ही मर्यादा दोन्ही बाजूंना सारखी नसण्याचे कारण उघड आहे. जादा काँक्रीटमुळे खर्च वाढतो, तर अपुऱ्या काँक्रीटमुळे भारक्षमता घटते व सळई गंजते.

विटा व ठोकळ्यांच्या भिंतींसाठी आयएस 1905 : 1987 मध्ये ओळंब्यातील फरक एका मजल्यात दर 3 मीटर उंचीस 6 मि.मी., तर एकाहून अधिक मजल्यांच्या इमारतीत संपूर्ण उंचीसाठी 12.5 मि.मी. एवढा मर्यादित केला आहे. येथे दोन मर्यादा का लागतात, हे एका हिशेबावरून स्पष्ट होते. प्रत्येकी 3 मीटरचे तीन मजले एकाच बाजूस 6 मि.मी. कलले, तर प्रत्येक मजला नियमात बसतो, परंतु एकूण कल 18 मि.मी. होऊन भिंत नियमाबाहेर जाते. लहान चुका एकाच दिशेने साचत जातात, हे तत्त्व आयसीएफच्या खाचांत बसणाऱ्या ठोकळ्यांनाही लागू पडते. जोत्याची पाणसळ चुकली, की ती चूक थरागणिक वर चढते. म्हणून पहिला थर पाणसळीत आणण्यासाठी घालविलेला वेळ वाया जात नाही.

4. काँक्रीट ओतताना

ओले काँक्रीट साच्यावर द्रवासारखा दाब देते. त्याचे घनमीटरमागे वजन सुमारे 24 किलोन्यूटन धरल्यास 1.2 मीटर उंचीच्या थराच्या तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 29 किलोन्यूटन दाब येतो. तीच भिंत एका दमात 3 मीटर भरल्यास तो 72 किलोन्यूटनवर जातो. थर्माकोलचा साचा अशा वेळी फुगतो किंवा फुटतो. म्हणून थराथराने भरणे, एका बाजूने टेकू देणे, माथ्यावर दोरी ताणून सरळपणा पाहणे आणि काँक्रीट ओले असतानाच ओळंबा दुरुस्त करणे आवश्यक ठरते. काँक्रीट घट्ट झाल्यावर ही दुरुस्ती शक्य नसते.

याउलट, साचा फुटेल या भीतीने व्हायब्रेटर पुरेसा न चालविल्यास खिडकीच्या खाली, कोपऱ्यांत आणि सळयांच्या दाटीत पोकळ्या राहतात. मोठी खडी वापरल्यासही हाच परिणाम होतो. आयएस 456 नुसार काँक्रीट 1.5 मीटरहून अधिक उंचीवरून मुक्तपणे पडू देऊ नये, कारण त्यामुळे खडी व चुरा वेगळे होतात. या पद्धतीचा एक लाभही नोंदवावा लागेल. थर्माकोल ओलावा धरून ठेवत असल्याने उन्हाळ्यातील कोरड्या हवेतही काँक्रीट लवकर सुकत नाही.

5. शीतगृहातील परिणाम

द्राक्ष तोडल्यानंतर अधिक पिकत नाही, ते केवळ ओलावा गमावते. देठ तपकिरी पडतो, वजन घटते. म्हणूनच तोडणीनंतर काही तासांतच पूर्वशीतकरण करून ते 0 अंश सेल्सिअसच्या आसपास साठवितात. त्या वेळी बाहेर 35 अंश तापमान व 30 टक्के सापेक्ष आर्द्रता असली, तरी हवेचा दवबिंदू सुमारे 15 अंश असतो. अर्थात बाष्प आतल्या थंड पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि वाटेत फट मिळाल्यास उष्णतारोधक थरातच त्याचे पाणी होते. ओल्या थराची रोधक्षमता घटते. यासाठी बाष्परोधक पडदा उष्ण, म्हणजे बाहेरच्या बाजूस अखंड असावा लागतो.

साच्याच्या सांध्यात काँक्रीटचा रस शिरल्यास निराळा दोष उत्पन्न होतो. काँक्रीटची उष्णतावाहकता थर्माकोलच्या सुमारे चाळीसपट असल्याने काही मिलिमीटरचा हा पट्टाही उष्णतेचा पूल ठरतो. भिंतीच्या सामर्थ्याच्या दृष्टीने जे विचलन क्षम्य, ते शीतगृहाच्या दृष्टीने क्षम्य असेलच असे नाही. याशिवाय थर्माकोल ज्वलनशील असल्याने आतून योग्य आच्छादन हवे, आणि मातीलगत वाळवीपासून संरक्षण हवे.

6. तपासणी आणि करार

वरील विवेचनावरून असे दिसते, की झाकल्या जाणाऱ्या कामाची तपासणी अखेरीस नव्हे, तर टप्प्याटप्प्याने झाली पाहिजे. करारात पुढील बाबी अंकांसह नमूद करणे उचित ठरेल :

(अ) ओतण्यापूर्वी : पाणसळ, ओळंबा, सळयांची जागा व आवरण, सांध्यांची घट्ट जुळणी.
(आ) ओतताना : थराची उंची, स्लम्प, घन नमुने, टेकूंची स्थिती.
(इ) ओतल्यावर : काँक्रीट ओले असताना ओळंब्याची फेरमोजणी. नंतर ठरावीक ठिकाणी फोम कापून काँक्रीटची पाहणी. शीतगृह सुरू झाल्यावर उष्माचित्रणाने सांध्यांची पाहणी.
(ई) मर्यादा ओलांडल्यास दुरुस्तीची रीत आणि तिचा खर्च कोणी सोसावा याचा निर्णय.

शेवटचे कलम विशेष महत्त्वाचे आहे. मर्यादा लिहिली नसल्यास गवंड्याला आपले काम योग्य होते हे सिद्ध करता येत नाही आणि मालकाला ते अयोग्य होते हेही दाखविता येत नाही. अनुज्ञेय विचलन हे कारागिरावरील बंधन आहे, तसेच त्याचे संरक्षणही आहे.

7. समारोप

2021 मध्ये पायाभरणी झालेल्या लखनौ येथील लाइटहाऊस प्रकल्पात कायम जागेवर राहणाऱ्या पीव्हीसी साच्याची निवड करण्यात आली. तो साचा उष्णतारोधनासाठी नसला, तरी काँक्रीट झाकले जाण्याचा प्रश्न तेथेही तोच आहे. अशा पद्धती जसजशा प्रसार पावतील, तसतशी डोळ्यांनी पाहून काम पारखण्याची जुनी रीत अपुरी पडेल. पिंपळगावच्या बागायतदाराला मोजमापाची शिस्त नवी नाही. घडातील मण्याला लावलेली मोजपट्टी भिंतीलाही लावली गेली, तर हंगामभराच्या कष्टाचा माल ज्या भिंतीच्या भरवशावर ठेवला जातो, तो भरवसा लेखी आणि तपासण्याजोगा होईल.