एक संगणक, अनेक हार्ड डिस्क

१९५६ साली अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीने चुंबकीय तबकड्यांवर मजकूर साठविणारे पहिले यंत्र तयार केले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसविलेल्या होत्या. यंत्राचे वजन सुमारे एक टन. आणि एवढ्या अवडंबरात मावत काय, तर सुमारे ५० लक्ष अक्षरे! आज तळहातावर राहणाऱ्या एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये त्याच्या दोन लक्ष पट मजकूर सहज मावतो.

तरीही ती अपुरी पडते. लग्नकार्यांची छायाचित्रे, आजोबांच्या आवाजातील गोष्टींचे ध्वनिमुद्रण, मुलांच्या स्नेहसंमेलनाची चित्रफीत अशी भर पडत जाते व एकीच्या जोडीला दुसरी, तिसरी डिस्क येते. संगणकाची यूएसबी-छिद्रे मात्र मोजकीच असतात. अशा वेळी एका छिद्रास अनेक फाटे फोडणारे ‘हब’ उपयोगी पडते. यूएसबीच्या एका नियंत्रकावर हबांसह १२७ साधने जोडता येतात, असे नियम सांगतो. पण खरी अडचण संख्येची नसून विजेची आहे.

अडीच इंची डिस्क आपली वीज त्याच तारेतून घेते. यूएसबी २.० च्या छिद्रातून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर, तर ३.० च्या छिद्रातून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. आतील तबकडी मिनिटास बहुधा ५,४०० फेरे घेते. थांबलेली बैलगाडी हलविताना बैलांना जो जोर लावावा लागतो, तो चालत्या गाडीला लागत नाही. तबकडीचेही तसेच आहे. आरंभी तिला अधिक प्रवाह हवा असतो. एकाच छिद्रावर पोसलेल्या हबला तीन डिस्क जोडल्या, की त्या उपाशी राहतात. आतून टकटक आवाज येतो, डिस्क क्षणात दिसते, क्षणात नाहीशी होते. मालकास वाटते, ती बिघडली; वस्तुतः ती भुकेलेली असते. लेखन चालू असतानाच वीज अपुरी पडली, तर मात्र मजकूर खरोखरच नासण्याचा संभव असतो. म्हणून भिंतीतील विजेवर स्वतंत्रपणे चालणारे हब घ्यावे. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टची वीज लागते व ती देणारे साधन तिच्यासोबतच येते, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

वेगाचीही वाटणी होते. यूएसबी २.० चा वेग सेकंदास ४८० मेगाबिट. एका नळावर तीन घागरी लावल्यासारखी त्यात सर्व डिस्कची भागीदारी असते.

विंडोज प्रणाली प्रत्येक डिस्कला एक अक्षर देते. परंतु जोडण्याचा क्रम बदलला, की ते अक्षरही बदलू शकते. यास्तव प्रत्येकीस निराळे नाव देऊन वर चिठ्ठी डकवावी. तार उपटण्यापूर्वी संगणकास तशी आज्ञा द्यावी, कारण काही मजकूर लिहिला जाण्याच्या प्रतीक्षेत स्मृतीतच रेंगाळत असतो.

आजोबांच्या गोष्टींची प्रत दोन डिस्कवर असली, तरी त्या दोन्ही सदैव जोडलेल्या असू नयेत. मृगाच्या पावसात वीज कोसळून तारांतून दाब उसळला, तर जोडलेल्या सर्वच डिस्क एकदम निकामी होऊ शकतात. त्या वेळी कपाटात, किंवा त्याहून बरे म्हणजे मामाच्या घरी ठेवलेली डिस्क तेवढी शाबूत राहते.