जुन्या कागदांची किंमत ठरवा

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 सालचे. सीमाभागातल्या अशा जुन्या वाचनालयांत आणि देसाई-इनामदारांच्या वाड्यांतल्या मोडी दप्तरांत जे आहे, ते पुन्हा विकत मिळणारे नाही. म्हणूनच ‘हा ठेवा अमूल्य आहे, त्याची किंमत कसली करायची?’ असे विश्वस्त म्हणतात. भावना खरी आहे, पण विम्याच्या कागदावर ती उलटी पडते. आगीच्या नेहमीच्या पॉलिसीत हस्तलिखिते आणि नकाशे-आराखडे स्पष्ट नमूद केले नसतील, तर ते भरपाईतून वगळलेले असतात. म्हणजे हप्ता जातो कपाटांचा, आणि कपाटात जे जपायचे ते उघड्यावरच राहते. नमूद केले पण रक्कम अंदाजाने कमी लिहिली, तरी फटका बसतोच. 40 लाखांच्या संग्रहाचा 20 लाखांचा विमा असेल आणि 10 लाखांचे नुकसान झाले, तर विमा जितका कमी तितकी भरपाई कापणाऱ्या ‘सरासरीच्या अटी’ने हाती 5 लाखच येतात.

गेलेले पान पैशाने परत येत नाही, हा आक्षेप उरतोच. परंतु पुरात कागद बहुधा नाहीसा होत नाही, भिजतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेच्या पाण्याने निपाणीजवळ यमगर्णीला महामार्ग बंद पडला होता. पाणी कुठवर येऊ शकते हे या भागाला सांगायला नको. निपाणीच्या 1981 च्या तंबाखू आंदोलनाचे एखादे पत्रक घ्या. बाजारात त्याला भाव जवळजवळ नाही. पण भिजल्यावर ते वाळवणे, बुरशी काढणे, पातळ टिश्यूचे अस्तर लावणे, याला जाणकार माणूस आणि पैसा लागतो. चांगला मूल्यांकनकार बाजारभावाबरोबर हा दुरुस्तीचा खर्चही धरतो आणि ती रक्कम विमा कंपनीशी आधीच ठरवून घेता येते. बाजारभावासाठी परदेशातल्या लिलावाचे आकडे मात्र इथे जसेच्या तसे चालत नाहीत, कारण 1972 च्या पुरावशेष कायद्याने ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची 75 वर्षांपुढची हस्तलिखिते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत.

मूल्यांकनाचा खर्च परवडत नाही, ही अडचण लहान संस्थांची खरी आहे. मग सगळे कशाला मोजायचे? आधी निवडक वस्तू घ्याव्यात. साप्ताहिकाच्या एका बांधीव खंडाची नोंद अशी हवी: दाखल क्रमांक, पानांची संख्या, कोणती पाने गहाळ, कसर कुठे लागली, शिक्का कुठे आहे, सोबत छायाचित्र. यादी केली की चोरांना वाट सापडते, असेही काही म्हणतात. यादी कुलपात ठेवता येते. यादीच नसेल तर चोरीला गेलेला ग्रंथ आपलाच होता, हे पोलिसांना आणि विम्याच्या सर्वेअरला कशाच्या आधारे दाखवणार? माझ्या मते यादीचा विम्याहूनही मोठा लाभ वेगळाच आहे. आपल्याकडे काय आहे, हे संस्थेला प्रथमच नेमके कळते.

वाचनालयांच्या कार्यकारिणींना विनंती एवढीच, की पुढच्या नूतनीकरणाआधी पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी बैठकीत मोठ्याने वाचावी आणि नोंदीचे काम पावसाळ्यापूर्वी सुरू करावे.