राखणदार घराच्या शोधात

महाभारताचा पसारा एवढा अफाट आहे, की त्यात कोण कोठे येतो आणि कोठे जातो याचा हिशेब ठेवताना व्यासंगी माणसाचीही दमछाक व्हावी. तथापि त्या ग्रंथाच्या आरंभी एक कुत्रा आहे आणि अखेरीसही एक कुत्रा आहे, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की पुढे विसरता येत नाही. आदिपर्वात जनमेजय राजा आपल्या तीन भावांसह कुरुक्षेत्री दीर्घसत्र करीत असता तेथे देवशुनी सरमेचे पिल्लू येते. राजाचे भाऊ त्याला मारून हाकलून देतात. ते रडत आईकडे जाते. हविर्द्रव्याला तोंड लावणे दूरच, आपण तिकडे पाहिलेसुद्धा नाही, असे ते सांगते. तेव्हा सरमा यज्ञस्थळी येऊन जाब विचारते, की माझ्या निरपराध लेकराला का मारलेत? यजमानांपाशी उत्तर नसते. महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजाच्या मागोमाग एक कुत्रा हिमालय चढतो. इंद्र रथ घेऊन येतो, पण कुत्र्याला स्वर्गात जागा नाही म्हणतो. तेव्हा आश्रयाला आलेल्याचा त्याग करून मला स्वर्ग नको, असे धर्मराज स्पष्ट सांगतो.

आपल्या मराठी घरांना हा प्राणी परका नाही. दत्तात्रेयाच्या पायांशी चार कुत्रे आहेत आणि त्यांना आपण चार वेद मानतो. खंडोबाच्या टाकाशीही कुत्रा असतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर आपल्या लहानपणीच्या गोष्टींतले. पण तसबिरीपुढे हात जोडणारा तोच गृहस्थ दारात आलेल्या कुत्र्याला ‘हाड्’ म्हणतो. भाषेतही ‘कुत्र्याचे जिणे’ आणि ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’ असे वाक्प्रचार आपण सहज वापरतो. श्रद्धा आणि व्यवहार यांत एवढे अंतर अन्य कोणत्या प्राण्याच्या वाट्याला आले असेल, असे मला वाटत नाही.

या अंतराचा इतिहासही लांब आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा सरकारी प्रघात होता व मारणाऱ्यास कुत्र्यामागे बक्षीस मिळे. त्याविरुद्ध ६ जून १८३२ रोजी पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल उसळली. पुढे १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर प्रसिद्ध नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा प्रश्न नेटाने लावून धरला. त्यातून १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा झाला. १९६२ साली प्राणिकल्याण मंडळ अस्तित्वात आले व त्याच त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मारून कुत्री संपत नाहीत, त्यांची प्रजा रोखली पाहिजे, हे तत्त्व २००१ च्या नियमांनी मान्य केले आणि २०२३ च्या नियमांनी ते कायम ठेवले. कुत्रे पकडावे, निर्बीजीकरण करावे, रेबीजची लस टोचावी, ओळखीसाठी कानाला खूण करावी आणि जेथून आणले तेथेच सोडावे, अशी ती पद्धत आहे.

या पद्धतीला २०२५ साली एक वेगळे वळण मिळाले. कुत्र्यांच्या चाव्याने मुले दगावल्याच्या वृत्तांची दखल सर्वोच्च न्यायालयाने आपणहून घेतली. ११ ऑगस्टच्या आदेशाने राजधानी परिसरातील सर्व भटकी कुत्री निवाऱ्यात नेण्यास सांगितले. २२ ऑगस्ट रोजी तो आदेश पालटून पिसाळलेली वा आक्रमक कुत्री वगळता इतरांना लस व शस्त्रक्रियेनंतर मूळ जागी सोडण्याची मुभा दिली. मग ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री निवाऱ्यात न्यावीत आणि ती पुन्हा तेथे सोडू नयेत, असे ठरले. कुंपण घालण्याची आणि आवारावर देखरेखीसाठी जबाबदार व्यक्ती नेमण्याचीही त्यात आज्ञा होती.

बेळगाव जिल्ह्यातील एका सरकारी मराठी शाळेचा मुख्याध्यापक या नात्याने त्या आज्ञेचे पालन करणे माझ्याकडे आले. ती योग्य आहे की नाही, असा प्रश्न मला पडला नाही. पहिलीचे मूल आणि कुत्र्याचे तोंड यांची उंची जवळजवळ सारखी असते. चावा पायावर न बसता चेहऱ्यावर बसतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. ज्याच्या हवाली आईबाप मुले करतात, त्याने या बाबतीत भावनेला बळी पडता कामा नये.

परंतु आमच्या शाळेत एक कुत्री होती. चार पावसाळ्यांपूर्वी कोणी तरी पिल्लू असताना तिला आवाराच्या भिंतीशी सोडून गेले होते. रंग तांबूस, म्हणून मुलांनी नाव ठेवले तांबी. ‘अक्षर दासोह’ योजनेतील दुपारच्या जेवणाचा उरलेला भात तिला मिळे. तिची शस्त्रक्रिया झाली होती, लस टोचलेली होती, कानाला खूण होती. तास सुटल्याची घंटा झाली की ती उठून वर्गाच्या पायरीपासून दूर जाई. मुलांच्या पायांखाली येऊ नये, एवढे तिला आपोआप कळले होते. चार वर्षांत तिने कोणाला दात लावला नाही. गाडी आली त्या दिवशी चौथीतल्या एका मुलीने मला विचारले, “गुरुजी, तिनं काय केलं?” मी म्हणालो, “काही नाही बाळ. नियम तिच्या चुकीसाठी नाही, तुमच्या सुरक्षिततेसाठी आहे.” उत्तर खरे होते, पण पुरे नव्हते. नियम आपल्या मुलांसाठी असेल, तर त्याची किंमत एकट्या तांबीने का मोजावी?

महिन्याभराने मी निवारा पाहण्यास गेलो. गावाबाहेर पत्र्याच्या छपराखाली जाळीचे कप्पे, सिमेंटची फरशी, प्रत्येक कप्प्यात पाण्याचे एक घमेले. स्वच्छता बरी होती. सांभाळणारा गृहस्थ मनाने चांगला, परंतु कुत्री अनेक आणि हात दोन. एक कुत्रे भुंकले की सारी भुंकू लागतात. त्या गलक्यात तांबी कोपऱ्यात तोंड करून बसली होती. तो म्हणाला, “गुरुजी, लोक येतात, पण त्यांना पिल्लू पाहिजे असतं. मोठी कुत्री राहतात इथंच. त्यातून ही गावठी, आणि मादी.” जेवणाच्या वेळी त्याने घमेल्यावर पळी वाजवली, तशी ती उठली आणि सवयीप्रमाणे दारापासून दोन पावले मागे सरून उभी राहिली.

त्या गृहस्थाने सांगितलेली तिन्ही कारणे आपण तपासून पाहावीत.

पिल्लू गोजिरवाणे दिसते खरे, परंतु ते रात्री रडते, चपला कुरतडते, घरभर घाण करते आणि मोठेपणी कशा स्वभावाचे निघेल हे आज कोणालाच सांगता येत नाही. वयात आलेल्या कुत्र्याचे अंग, आवाज, भूक आणि स्वभाव सारे समोर दिसत असते. ज्या घरात दोघे वृद्ध माणसेच आहेत, मुले पुण्याला वा परदेशी आहेत, तेथे चार-पाच वर्षांचे शांत कुत्रे हेच अधिक सोयीचे.

मादीविषयीचा आक्षेप एकच असतो, की वर्षातून दोनदा माज आणि मग पिल्लांची कटकट. निवाऱ्यातील मादीची शस्त्रक्रिया झालेली असते, म्हणून तो प्रश्नच उरत नाही.

राहिला ‘गावठी’ हा शब्द. आमच्या शेजारच्या मुधोळचे कुत्रे आज सर्वत्र प्रसिद्ध आहे. मुधोळचे राजेसाहेब मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने तिचे तिकीट काढले. परंतु राजाश्रयापूर्वी तीही या मातीतील शिकारी लोकांची गावठी कुत्रीच होती. कोणी तरी तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले, एवढेच. आपले रस्त्यावरचे कुत्रे आखूड केसांचे, उभ्या कानांचे, काटक असते. आपले हवामान त्याला मानवते. दाट केसांची विलायती कुत्री आपल्या वैशाखात धापा टाकतात आणि त्यांच्यासाठी वातानुकूलित खोली ठेवणारे पालक ‘आम्ही प्राणिप्रेमी’ म्हणून सांगतात. त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. निवडीविषयी मात्र आहे.

आता घरातल्या अडचणी. घरी देवघर आहे, सोवळे आहे, असे वडीलधारी मंडळी म्हणतात. त्यांचा मान राखूनही मार्ग निघतो. कुत्रे एका आठवड्यात उंबरठा शिकते. स्वयंपाकघर व देवघर यांत येऊ नये हे एकाच शब्दात, एकाच स्वरात, घरातील सर्वांनी सांगितले म्हणजे झाले. एकाने हाकलायचे आणि दुसऱ्याने लाडाने बोलवायचे, तेथे कुत्र्याचा नव्हे, घराचा दोष असतो.

दुसरी अडचण भीतीची. ती निराधार नाही, परंतु तिच्यावर उपाय आहे. गोव्यात काही वर्षे पद्धतशीरपणे, गावोगावी कुत्र्यांना लस टोचण्यात आली. मागील तीन वर्षांत रेबीजने एकही माणूस दगावला नाही, असे २०२१ साली तेथील शासनाने जाहीर केले. आपल्या घरच्या कुत्र्याला दरवर्षी लस देणे हे त्याच कामातील आपला वाटा होय. शिवाय मुलांना चार गोष्टी शिकवाव्यात. जेवणाऱ्या, झोपलेल्या वा पिल्लांजवळील कुत्र्याला हात लावू नये. अनोळखी कुत्रे आले तर पळू नये, हात खाली सोडून स्तब्ध उभे राहावे. चावा किंवा ओरखडा लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही न लावता दवाखाना गाठावा आणि सांगितलेल्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात.

ज्यांच्या मनात विचार येईल त्यांच्यासाठी थोडे व्यावहारिक. प्रथम घरातील प्रत्येकाची संमती घ्यावी. एकाची हौस आणि दुसऱ्याच्या गळ्यात काम, असे होऊ नये. निवाऱ्यात एकदा जाऊन निर्णय करू नये, दोन-तीनदा जावे. जाळीमागे घाबरलेले कुत्रे मोकळ्या जागी दहा मिनिटांत निराळे दिसते. लसीचे व शस्त्रक्रियेचे कागद मागून घ्यावेत. घरी आणल्यावर पहिले तीन दिवस ते बावरते, कदाचित खातही नाही. तीन आठवड्यांत घराची रीत कळते आणि तीन महिन्यांत ते घर आपले मानू लागते, असा अनुभवी लोकांचा ढोबळ ठोकताळा आहे. पहिल्याच आठवड्यात ‘हे काही रुळत नाही’ म्हणून परत नेऊन सोडणे हे न आणण्याहून वाईट. २२ ऑगस्टच्या आदेशात न्यायालयानेही दत्तक घेणाऱ्यावर ते कुत्रे पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी टाकलेली आहे. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट त्याला अपायकारक असतात, आणि शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे पोटात रुततात. दिवसभर साखळीला बांधलेले कुत्रे चिडखोर होते. त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवणे ही घरातील कर्त्या माणसाच्या प्रकृतीचीही सोय आहे.

सर्वांनीच कुत्रे पाळावे, असे मी म्हणणार नाही. जागा नसेल, वेळ नसेल, अंगात त्राण नसेल, तर न पाळण्यातच प्रामाणिकपणा आहे. पण ज्यांना पाळायचेच आहे, त्यांनी दुकानात पैसे मोजण्यापूर्वी एकदा निवाऱ्याची वाट धरावी. ज्यांना पाळणे शक्य नाही, त्यांनी जुनी चादर, तांदळाची एखादी पिशवी, किंवा रविवारची एक सकाळ द्यावी. गल्लीतील पंच मंडळी गणेशोत्सवाची वर्गणी जमवतात. त्यातच दोन कुत्र्यांच्या लसीचा खर्च सहज निघेल. आमच्या सातवीच्या मुलांनी तांबीचे वर्णन मोठ्या अक्षरांत लिहून बाजारपेठेतील तीन दुकानांत लावले आहे. त्यात एक वाक्य त्यांनी मला न विचारता घातले आहे, आणि मी ते तसेच राहू दिले : ‘तिला घंटा कळते.’

हे लिहीपर्यंत दोन कुटुंबे चौकशी करून गेली. एकाला पिल्लू हवे होते. दुसऱ्या घरातील आजींनी तिचे वय विचारले, कानाची खूण कशाची म्हणून विचारले, आणि येत्या रविवारी सुनेला घेऊन पुन्हा येते म्हणाल्या.