ब्रेक ऑइलची मुदत

छोट्या एसयूव्हीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ब्रेक ऑइल बदलायची मुदत वर्षांतही दिलेली असते, बहुधा दोन वर्षं. गाडी दारात नुसती उभी असली तरी! कारण हा ग्लायकॉलवर्गीय द्रव हवेतली ओल शोषतो, आणि पनवेलच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा? मानकानुसार नवं डॉट ४ ऑइल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळता कामा नये, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. बोरघाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला, तर कॅलिपरपाशी या ऑइलची वाफ होऊ शकते. द्रव जवळजवळ दबत नाही, वाफ मात्र सहज दबते. पेडल थेट खाली जातं. घाटात खालचा गिअर हवाच. आणि गॅरेजमध्ये महिनोन्महिने उघडी पडलेली बाटली, कितीही स्वस्तात मिळाली तरी, नको.