घरबसल्या चाकूला धार: किट मागवण्याआधी हे गणित समजून घ्या



"सर, कमी भांडवलात घरातल्या टेबलावर काय सुरू करता येईल?" हा प्रश्न नेहमी येतो. त्याचं एक उत्तर म्हणजे घडीच्या, खिशातल्या चाकूंना धार लावून देणं. ट्रेकर, नर्सरीवाले, वायरमन, पॅकिंगचं काम करणारे, सगळे चाकू वापरतात आणि तो कधी ना कधी बोथट होतोच.

तुम्ही म्हणाल, सायकलवर चाक फिरवणारा धारवाला आहे की! आहे, आणि भाजीच्या सुरीला तो पुरतो. पण लहान, पातळ पातं वेगात फिरणाऱ्या कोरड्या चाकावर धरलं की धारेची कड पटकन तापते. जास्त तापली की पात्याचं पाणी उतरतं, आणि मग लावलेली धार टिकत नाही. ज्याचा चाकू महागाचा आहे, तो हा धोका घेत नाही. तोच तुमचा गिऱ्हाईक.

किट नेमकं काय करतं?

धार म्हणजे दोन उतार जिथे मिळतात ती रेघ. प्रत्येक फेरीला कोन हलला तर ही रेघ गोलसर होते. नुसत्या हाताने कोन सांभाळायला खूप सराव लागतो. किटमध्ये पातं क्लॅम्पमध्ये घट्ट बसतं, दगड सळईला जोडलेला असतो आणि सळई ठरलेल्या भोकातून जाते. त्यामुळे कोन तोच राहतो. उदाहरणार्थ, लॅन्स्कीच्या किटमध्ये १७, २०, २५ आणि ३० अंशांची भोकं असतात. हा कोन एका बाजूचा. दोन्ही बाजू २० अंश म्हणजे धारेचा एकूण कोन ४०.

कोन कमी केला की धार तिखट, पण नाजूक. कोन वाढवला की धार दणकट, पण कापायला जोर जास्त. रोजच्या खिशातल्या चाकूला साधारण २० ते २५ अंश ठीक पडतात.

पण लक्षात ठेवा, किट फक्त कोन धरतं. कुठे थांबायचं हे तुम्हालाच कळायला हवं. घासून गेलेलं पोलाद परत येत नाही, आणि चाकू दुसऱ्याचा आहे!

काम कसं करायचं?

१. चाकू घेतानाच गिऱ्हाईकासमोर फोटो काढा. खाचा, तुटलेलं टोक, हलणारी मूठ, सगळं लिहून ठेवा. नंतर वाद होत नाही.

२. पातं पुसा, ओरखडे पडू नयेत म्हणून बाजूंना टेप लावा आणि क्लॅम्पमध्ये बसवा. क्लॅम्प कुठे लावला त्याची नोंद ठेवा. जागा बदलली की कोनही बदलतो.

३. धारेच्या उतारावर मार्करने रंग द्या आणि दगड दोनदा हलकेच फिरवा. रंग पूर्ण उतारावरून गेला तर कोन जुळला. फक्त कडेचाच गेला तर तुमचा कोन मोठा आहे, फक्त वरचा गेला तर लहान. आधीचाच कोन पकडा, नवा पाडायला जाऊ नका.

४. दगड निवडा. थोडाच बोथट असेल तर ६०० नंबर, चांगलाच बोथट असेल तर २८०. १२० नंबर फक्त खाचा असतील तरच. दगडाला किटसोबतचं तेल लावा आणि बोटं दगडाच्या धारेकडच्या कडेखाली येऊ देऊ नका. कट न लागणारा हातमोजा घाला.

५. एका बाजूने घासत राहा, जोवर पलीकडे केसासारखी बारीक कोर येत नाही. कारखान्यात हिला 'बर' म्हणतात. बोट पाठीकडून धारेकडे, आडवं नेलं की ती लागते. धारेच्या लांबीवरून बोट कधीच फिरवू नका. मुठीपासून टोकापर्यंत बर आली की मगच दुसरी बाजू.

६. आता बारीक दगड, शेवटी १००० नंबर, आणि हात हलका करत जा. मग न्हावी वस्तरा फिरवायचे तसा चामड्याचा पट्टा घ्या. धार मागे ठेवून पातं ओढा. उरलेली बर निघून जाते.

७. तपासणी कागदावर किंवा टोमॅटोवर करा, अंगठ्यावर नाही. शेवटी सांधा पुसून तेलाचा एक थेंब सोडा.

कलमाचा चाकू आला तर?

कोकणातल्या आंब्याच्या नर्सऱ्यांपासून रोपवाटिकांपर्यंत हा चाकू लागतो. कलमाचा काप सपाट आणि स्वच्छ नसेल तर काडी आणि खुंट नीट जुळत नाहीत, कलम वाया जाऊ शकतं. असे बरेच चाकू एकाच बाजूने उतार दिलेले असतात. उतार त्याच बाजूला घासा. सपाट बाजू दगडावर अगदी सपाट ठेवून फक्त बर काढा. तिथे नवा उतार पाडलात तर चाकू कामातून गेला, आणि गिऱ्हाईकही गेलं.

आता पैशाचं बघू

समजा, सगळं सामान ४,००० रुपयांना आलं आणि एका चाकूचे तुम्ही ८० रुपये घेता. ५० चाकूंत पैसे वसूल, असं वाटतं. पण वेळ धरा. एका चाकूला अर्धा तास लागला तर तासाला १६० रुपये. १२ मिनिटांत झाला तर ४००. म्हणजे कमाई किटवर नाही, तुमच्या हाताच्या वेगावर आहे. म्हणून प्रत्येक गिऱ्हाईकाच्या चाकूचं कार्ड करा: कोन, क्लॅम्पची जागा, शेवटचा दगड. पुढच्या वेळी तोच चाकू आला की अर्धं काम आधीच झालेलं असतं.

नाही म्हणायलाही शिका. दातेरी पात्याला सपाट दगड चालत नाही, त्याला वेगळा निमुळता दगड लागतो. तलवार, जंबिया असलं काही आलं तर नम्रपणे परत पाठवा. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, त्याच्याशी खेळ नको.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातले आणि शेजारचे मिळून दहा जुने चाकू फुकट करून द्या. प्रत्येकाची वेळ वहीत लिहा. दहाव्या चाकूची वेळ पहिल्याच्या निम्मी झाली आणि दहाही कागद सरळ कापले गेले, की दरपत्रक बनवायला बसा. त्याआधी नाही!