शहाणा, शाणा आणि दीडशहाणा

शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. पण त्याची खरी किंमत बोलणाऱ्याच्या सुरावरून कळते. ‘शहाणा’ हा असाच एक शब्द. आई लेकराला ‘माझं शहाणं बाळ ते’ म्हणते, तेव्हा त्यात कौतुक असते. ‘मोठा शहाणा लागून गेलास!’ असे कुणी म्हटले, की समोरच्याने काय ते समजावे. एक शहाणा चांगला, पण दीडशहाणा म्हटला की अर्ध्याने वाढूनही त्याची किंमत उतरते. शहाणपण सर्वांनाच हवे. त्यालाच एक काना लागून ‘शहाणपणा’ झाला, की ‘इथं करू नकोस’ असे ऐकावे लागते.

या शब्दाचे मूळ संस्कृत ‘सज्ञान’ असे मानतात. कायद्याच्या भाषेत आज सज्ञान म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेला. आपल्या खेड्यांतून ‘पोरगी शाणी झाली’ म्हणजे ती वयात आली. समज आणि वय यांची जोडी या शब्दाने अशी दोन्हीकडे जपली आहे.

पेशवाईतले ‘साडेतीन शहाणे’ प्रसिद्धच आहेत. पुण्याचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे आणि हैदराबादच्या निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण. नाना फडणवीस अर्धे. नाना मुत्सद्दी खरे, पण तलवारबहाद्दर नव्हेत, म्हणून अर्धे, असे सांगतात. यांतले विठ्ठल सुंदर १७६३ साली राक्षसभुवनच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढताना पडले. शत्रूच्या दिवाणालाही पूर्ण शहाणा म्हणणारी ही भाषा आहे!

शिवाय हा शब्द एकट्या मराठीचा नाही. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीत ‘सयाना’, वडोदऱ्यात गुजरातीत ‘शाणो’, गोव्यात कोकणीतही ‘शाणो’. आणि आपल्या बाजारात कानडी शेतकरी ‘भाळ शाण्या अदान’ म्हणतो, तेव्हा अर्थ विचारावा लागत नाही.

असे असताना ‘शाणा’ हा उच्चार गावंढळ ठरवला जातो, याचे आम्हाला वाईट वाटते. शाळेत जाणारे नातवंड आजीला टोकते, ‘शाणा नव्हे, शहाणा म्हण.’ चार वेळा टोकले की आजी बोलायचेच सोडते, आणि तिच्याबरोबर ‘अति शाणा, त्याचा बैल रिकामा’ यासारख्या म्हणीही मुक्या होतात. कागदावर ‘शहाणा’ लिहावे, तोंडी ‘शाणा’ राहू द्यावे. दोन्ही आपलेच.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकली. सीमेचा दावा मात्र २००४ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. ‘सत्तेपुढे शहाणपण चालत नाही’ याचा अर्थही सीमाभागाला निराळा सांगायला नको. निकाल आपल्या हाती नाही. घरातली बोली मात्र आहे. वाचकहो, वडीलधाऱ्यांकडून अशा म्हणी ऐकून एका वहीत उतरून ठेवा. आमच्या मते, आज एवढे शहाणपण पुरे आहे.